बैठकीच्या खोलीतला निकामी पाइप

"एक तास!" सातारकुल म्हणाला. "फार तर सव्वा तास. आणि त्यात मधला चहासुद्धा धरलाय!"

त्याची बायको बुरुल उद्या तळायच्या बोरसोकांची, फुगऱ्या पुऱ्यांची, कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही.

"बाल्कनीला काचा बसवायला तुम्ही एक दुपार मागितली होतीत," ती म्हणाली. "त्या दुपारीला या महिन्यात सहा वर्षं पूर्ण होतील."

"काचेची गोष्ट वेगळी. हे लोखंड आहे. लोखंड म्हणजे माझं क्षेत्र!"

हे मात्र कागदोपत्री खरं होतं. सातारकुल कोक-बेल गावच्या शाळेत पोरांना लाकूडकाम आणि लोखंडकाम शिकवायचा. त्याच्या वर्गात तयार झालेली स्टुलं गावात घरोघरी होती आणि त्यातलं एकही चारी पायांवर एकदम उभं राहत नव्हतं. कुणी तक्रार केली तर सातारकुल वाकून बघायचा, डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, "तुमची जमीन वाकडी आहे."

तर गोष्ट अशी. गावाच्या टोकाला एक मोठं बॉयलरघर होतं. किर्गिझस्तानातल्या बऱ्याच गावांसारखंच तिथलं गरम पाणी पूर्वी घरं ऊबदार ठेवायला हिवाळाभर इमारती-इमारतींतून फिरायचं. सव्वीस वर्षांपूर्वी एका जानेवारीत ते बंद पडलं. 'दुरुस्तीसाठी दोन दिवस बंद', अशी पाटी लागली. ती पाटी अजून आहे. लोकांनी विजेच्या शेगड्या आणल्या, पण पाइप घरात तसेच राहिले. सातारकुलच्या बैठकीच्या खोलीत तर छतातून एक मनगटाएवढा जाड पाइप निघायचा, बारा कप्प्यांच्या बोजड लोखंडी रेडिएटरला टेकायचा आणि जमिनीत शिरायचा. घरात त्याचा उपयोग मोजे वाळत घालण्यापुरता.

आणि अडचण केवढी! बुरुलने चार महिन्यांपूर्वी हौसेने काचेचं मोठं कपाट घेतलं होतं. रेडिएटरमुळे ते भिंतीला लागेना. मग ते खोलीच्या मध्यावर तिरकं उभं होतं, रस्त्यात ठाण मांडलेल्या गाईसारखं. त्याला वळसा घालूनच जावं लागायचं. आणि उद्या, शनिवारी दुपारी एक वाजता, लेकीच्या, नुरिलाच्या, सासरची माणसं घाट ओलांडून येणार होती. तिच्या कानात झुमके घालून लग्न पक्कं करायला! अकरा माणसं! ती बसणार कुठे, कपाटात?

"इमारतीत कुणाला विचारलंत का?" बुरुलने विचारलं.

"कुणाला विचारायचं? मेलेल्या पाइपाला वारस नसतो!"

हे वाक्य सातारकुलला इतकं आवडलं, की त्याने ते शेजारच्या खोलीत जाऊन नुरिलालाही ऐकवलं.

"बाबा," नुरिला म्हणाली, "उद्या सोमवार असता तर मी काही बोलले नसते. पण उद्या शनिवार आहे."

"म्हणूनच आज!" असं म्हणून त्याने शाळेतून आणलेलं कटर मशीन सुरू केलं.

छताजवळचा पहिला घाव खरोखर झकास झाला. ठिणग्यांचा पाऊस पडला, पाइप कापला गेला, सातारकुल शिडीवरून उतरला आणि त्याने दोघींना बोलावून वर बोट दाखवलं. "बघा! आत काय आहे? काही नाही! सव्वीस वर्षांची कोरडी हवा!"

मग तो खालच्या बाजूला गुडघे टेकून बसला.

पाण्याचं असं आहे, की ते वर राहत नाही. सव्वीस वर्षं ते रेडिएटरच्या पोटात दबा धरून बसलं होतं. खालचा पाइप अर्धा कापला गेल्याबरोबर रेडिएटर एकदा खोकला, दुसऱ्यांदा खोकला, आणि तिसऱ्या खोकल्याला त्याने सातारकुलच्या तोंडावर शाईसारखा काळा फवारा सोडला. वास म्हणाल, तर नासक्या अंड्यात ओला कुत्रा बुडवल्यासारखा!

"अहो, गालिचा! माझ्या आईचा गालिचा!"

"अगं, मी! मी इथे बुडतोय!"

"तुम्ही धुतले जाल! गालिचा धुतला जाणार नाही!"

दोन बादल्या, एक टब आणि नुरिलाची जुनी ओढणी एवढ्यावर ते थांबलं. गालिचा उलटा करून घातला. रेडिएटर तिघांनी ढकलत जिन्याखाली नेला. पाइपाचा कापलेला तुकडा सातारकुलने अंगणात कचऱ्याच्या डब्याशी उभा केला. छतातून एक वीतभर थोटुक लोंबत राहिलं, जमिनीतून एक वीतभर वर आलं. दोन्हींत त्याने जुन्या नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या, बुटाचे बोळे कोंबले, वर पांढरा रंग फासला आणि कपाट ढकललं. कपाट भिंतीला टेकलं! अगदी चिकटून! खोली एकदम दुप्पट झाल्यासारखी वाटली.

याला एकूण पाच तास लागले. पण सातारकुलच्या हिशेबात, मधले चहा वगळले तर, एकच.

त्याने होणाऱ्या व्याह्यांना लगेच फोन लावला. हे एशिमबेक म्हणजे रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यातले वेल्डर, मोजकं बोलणारे. "व्याही, उद्या याच! खोली अशी मोकळी केलीय की घोडा दौडवता येईल!"

"घोडा आणायचाय का?" एशिमबेकनी गंभीरपणे विचारलं.

शनिवारी सकाळी सात वाजता बुरुल लांबच्या बाजारात रोट्या आणायला गेली होती. सातारकुल नव्या खोलीत एकटाच बशा मांडत होता. तेवढ्यात कपाटामागून, छताकडून आवाज आला. ठक. ठक. ठक. मग जमिनीतून आला. ठक. ठक. ठक.

त्याला नवल वाटलं नाही. हे ठोके तो वर्षानुवर्षं ऐकत आला होता. "पाइपातली हवा," तो सगळ्यांना सांगायचा. बुरुलने एकदा विचारलंही होतं, की पाइपात पाणीच नाही तर हवा कशाला ठोके मारेल? तेव्हा त्याने "जुनी हवा" असं उत्तर देऊन विषय मिटवला होता.

पण आज हवा जरा चेकाळली होती. ठकठकठक! वरून दहा, खालून पंधरा! मग वरून जोरात, खालून त्याहून जोरात! पाइप कापल्यामुळे हवा अडकली असणार, असं म्हणून सातारकुल कपाटामागे हात घालून आडवा झाला आणि त्याने आणखी दोन-दोन बोळे ठोसून भरले. आवाज मेला. तो समाधानाने बशांकडे वळला.

ती हवा नव्हती हो!

सातारकुलच्या डोक्यावरच्या मजल्यावर कालिचाआपा राहायची आणि पायाखाली, तळमजल्यावर, राइसाआपा. दोघी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, दोघी एकेकाळी एकाच सूतगिरणीत शेजारी-शेजारी उभ्या राहून काम केलेल्या, आणि आता दोघींचे गुडघे गेलेले. अकरा वर्षांत कालिचाआपा खाली उतरली नव्हती आणि राइसाआपा वर चढली नव्हती. फोन करावा तर कालिचाआपा ठार बहिरी. म्हणून रोज सकाळी सातला ती काठीने पाइपावर तीन ठोके द्यायची आणि तळवा पाइपाला लावून बसायची. खालून राइसाआपा पळीने तीन ठोके द्यायची. ते तळव्याला जाणवायचे. तू आहेस, मी आहे, झालं. मग दोघी आपापला चहा ठेवायच्या.

त्या शनिवारी उत्तर आलं नाही. वरही नाही, खालीही नाही.

राइसाआपाने पळी वाकेपर्यंत पाइप बडवला. मग तिने चौथ्या मजल्यावरच्या जुमागुलला फोन लावला. "पोरी, धावत जा, कालिचाचं दार वाजव! ती उत्तर देत नाहीये गं!"

जुमागुल धावली. दार वाजवलं, घंटी दाबली. बहिऱ्या बाईला घंटी काय! पण दाराला कान लावला तर आतून रडण्याचा आवाज. साधं रडणं नाही, मेलेल्या माणसाचे गुण आळवत सूर लावून रडतात ना, ते!

रडत होती कालिचाआपाच. तळवा अर्धा तास गार पाइपावर ठेवून तिने ओळखलं होतं, की राइसा गेली. ती काळा रुमाल बांधून भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि मैत्रिणीला आळवत होती.

जुमागुल काय समजायचं ते समजली. ती डोळे पुसत तळमजल्यावर आली. "राइसाआपा, धीर धर. आत बायकांनी रडायला सुरुवातसुद्धा केलीय."

झालं! राइसाआपाने हंबरडा फोडला आणि त्याच हंबरड्यात कालिचाआपाच्या भाच्याला फोन केला. भाचा मुसा शेजारच्या खेड्यात राहायचा. तो कामाचा माणूस. नऊ वाजता बातमी कळली, सव्वादहाला तो ट्रकमधून नमद्याचा गोल तंबू, मोठी कढई, एक मेंढा आणि सहा चुलतभाऊ घेऊन अंगणात हजर! मयत झालं की अंगणात तंबू उभा राहायलाच हवा. घराची किल्ली त्याच्या खिशातच होती. पण जिना चढून दाराशी आला, आतला आक्रोश ऐकला, आणि आत बायका आहेत, पुरुषाचं काम बाहेर, असं म्हणून तो परत फिरला. बायकांना वाटलं, मुसा जाऊन बघून आला. मुसाला वाटलं, बायका आत आहेत. आत कुणीच नव्हतं. म्हणजे होती, पण एकटी मयतच होती.

आणि कालिचाआपाने रडता रडता खिडकीतून खाली पाहिलं, तर अंगणात तंबू! "राइसाचा तंबू उभारला, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही!" ती उठली, काठी घेतली, आणि अकरा वर्षांनी तिने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

बुरुल रोट्या घेऊन आली ती अंगणातच थबकली. मग धावत वर आली.

"अहो, कालिचाआपा गेली!"

सातारकुलच्या हातातली बशी खाली पडली. नुरिला तान्ही असताना बुरुल दवाखान्यात रात्रपाळीला जायची, तेव्हा तिला कालिचाआपानेच सांभाळलं होतं. सातारकुल ती उचलायला खाली बसला. डोळ्यांत पाणी आलं. आणि मग हळूहळू दुसरी गोष्ट ध्यानात आली.

"बुरुल... एक वाजता..."

"डोक्यावर मयत असताना पोरीच्या कानात झुमके घालायचे? फोन करा, उद्या-परवा या म्हणावं!"

त्याने बारा वेळा फोन लावला. पण व्याही निघाले होते, घाटात होते, आणि घाटात फोन लागत नाही. नुरिला एका कोपऱ्यात नवा निळा झगा घालून उभी होती. नव्या झुमक्यांसाठी तिने कान मोकळे ठेवले होते. सातारकुलला तेच जास्त लागलं.

"मी खाली उभा राहतो," तो म्हणाला. "ती आली की समजावून सांगतो. समजूतदार माणसं आहेत."

सातारकुलने चांगला सूट घातला, डोक्यावर पांढरी नमद्याची टोपी चढवली आणि मुसाच्या शेजारी, तंबूच्या दाराशी, काठीवर वाकून उभा राहिला. घरच्या पुरुषांनी उभं राहायचं तसा. कालिचाआपाला दुसरं जवळ होतंच कोण? तो मनापासून रडत होता. कालच्या काळ्या पाण्याने डोळे आधीच सुजले होते, त्यात ही भर.

एक वाजता दोन गाड्या अंगणात शिरल्या. एशिमबेक उतरले. त्यांनी तंबू पाहिला. तंबूच्या दाराशी काठीवर वाकून रडणारा होणारा व्याही पाहिला. आता यात समजायचं काय राहिलं?

"अरे माझ्या भावा! माझ्या भावा रे!" असं ओरडत एशिमबेक धावत सुटले. मागून त्यांचे दोन भाऊ आणि एक मेहुणा, तेही टाहो फोडत. व्याह्यांनी सातारकुलला कवेत घेतलं. सातारकुल भारावून गेला. शेजारणीसाठी इतकं! काय माणसं आहेत!

बायका थेट तंबूत शिरल्या. आणि होणाऱ्या विहीणबाई, साइराकान, भिंतीकडे तोंड करून सूर लावून बसल्या.

इकडे एशिमबेकनी डोळे पुसत विचारलं, "आजारी होत्या का?"

"छे हो! काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत."

"अरेरे! वय काय होतं?"

"अठ्ठ्याहत्तर."

एशिमबेक जरा मागे सरले. "अठ्ठ्याहत्तर? आणि तुमचं?"

"चोपन्न."

"हं," एशिमबेक म्हणाले. मग बराच विचार करून हळूच, "प्रेमाचं होतं का?"

"म्हणजे काय! आईसारखी माया करायची माझ्यावर."

एशिमबेकनी भावाकडे पाहिलं. भावाने बुटांकडे पाहिलं.

"एकत्रच राहायचात?"

"नाही, ती वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. भेट कधी महिना-महिना व्हायची नाही."

"आणि मुलगी कुणाची मग?" मेहुण्याने अखेर न राहवून विचारलं.

तेवढ्यात बुरुल हातात चहाची मोठी किटली घेऊन, नुरिलासह, राइसाआपाच्या घरातून बाहेर आली आणि म्हणाली, "आलात का? या, या."

मेहुणा किंचाळला. एशिमबेकनी टोपी काढली, परत घातली, आणि जवळच्या कढईचा आधार घ्यायला गेले. ती तापलेली होती!

बुरुलला यातलं काही कळलं नाही. ती किटली घेऊन तंबूत शिरली आणि दाराशीच थांबली. आत साइराकान टिपेला पोचल्या होत्या.

"अगं बुरुल, माझ्या गुणाच्या विहिणी! तुझी बोरसोकं ढगासारखी गं! तुझ्या हाताला केवढा गुण गं! अशा नवऱ्याबरोबर तीस वर्षं काढलीस, कधी एक उणा शब्द बोलली नाहीस गं!"

जुमागुलने बुरुलची बाही ओढली. "बुरुलताई, ही तुलाच रडतेय!"

"कळतंय मला," बुरुल कुजबुजली. तिचेही डोळे भरून आले होते. "थांब, बोलू नकोस. होऊ दे तिचं पुरतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बोलतंय."

पण पुरतं व्हायचं नव्हतं. बाहेर एकदम शांतता पसरली. इतकी, की आतल्या बायकाही उठून दाराशी आल्या.

जिन्याच्या दारात कालिचाआपा उभी होती. काळा रुमाल, हातात काठी, दोन जिने उतरायला तिला दीड तास लागला होता. मुसाने मावशीकडे पाहिलं आणि हातातला सुरा टाकून दिला.

तिने कुणाकडेच पाहिलं नाही. "राइसा! माझ्या राइसा गं! मला मागे टाकून कशी गेलीस गं!" असा गळा काढत ती तंबूकडे चालू लागली. आणि तंबूच्या दारात, उशांना टेकून, सुजलेल्या डोळ्यांनी राइसाआपा बसली होती.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तू मेली नाहीस?" कालिचाआपाने विचारलं.

"मी? मेलीस तर तू!" राइसाआपा ओरडली, कारण ओरडल्याशिवाय कालिचाआपाला ऐकू येत नसे.

"मग उत्तर का दिलं नाहीस?"

"मी दिलं नाही? माझी पळी बघ, पळी! कोयत्यासारखी वाकलीय!"

"आधी तीन, मग दहा ठोके दिले मी! तळवा लावून बसले. पाइप गार. पाइप मुका." कालिचाआपाने तळवा पुढे केला. "अकरा वर्षांत तो एकदा मुका झाला नव्हता, राइसा."

मग मात्र दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि अशा रडल्या, की मयताला इतकं कुणी रडलं नव्हतं.

"कुठला पाइप?" एशिमबेकनी विचारलं. वेल्डर माणूस, कान टवकारणारच.

सातारकुलला सकाळचे ठोके आठवले. जुनी हवा! त्याने भराभर हिशेब केला. वर कालिचाआपा. खाली राइसाआपा. मध्ये कोण? मध्ये बुटाचे बोळे!

कुणालाच माहीत नव्हतं. गप्प बसता आलं असतं. सरकारवर ढकलता आलं असतं, उंदरांवर ढकलता आलं असतं. अंगणात साठ माणसं, त्यात लेकीच्या सासरची अकरा. त्याने बुरुलकडे पाहिलं. बुरुल आधीपासूनच त्याच्याकडे बघत होती. त्याने नुरिलाकडे पाहिलं. मग त्या दोघी म्हाताऱ्यांकडे. कालिचाआपा अजून राइसाआपाचा हात चाचपत होती, खरा आहे की नाही बघायला.

सातारकुलने वर्गातल्या मुलासारखा हात वर केला.

"मी कापला," तो म्हणाला. "काल. मला वाटलं, निकामी आहे. आणि सकाळी तुम्ही वाजवत होतात, तेव्हा मी... मी त्यात बोळे भरले."

"काय म्हणतोय?" कालिचाआपाने विचारलं.

"यानेच मारलं आपल्याला!" राइसाआपाने ओरडून सांगितलं.

कालिचाआपा त्याच्यापर्यंत चालत आली. काठी उचलते की काय, म्हणून सातारकुलने टोपी घट्ट धरली. तिने काठी उचललीही. पण तिने त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"माझ्यासाठी रडत होतास?"

त्याने मान डोलावली.

"मोठ्याने?"

"खूप मोठ्याने!" एशिमबेकनी साक्ष दिली.

नवऱ्यामुलाची एक आत्या मात्र तोंड वाकडं करून पुटपुटली, की रडण्याच्या तंबूसमोर झुमके घालणं अशुभ, आपण परत गेलेलं बरं. नुरिलाने मान खाली घातली. सातारकुलला वाटलं, आता जमीन फाटेल आणि पाइपाच्या भोकातून आपण खाली जाऊ.

आत्याचं बोलणं राइसाआपाने कालिचाआपाच्या कानात ओरडून पोचवलं.

"हा तंबू कुणासाठी उभा केला?" कालिचाआपाने मुसाला विचारलं.

"तुझ्यासाठी, मावशी," मुसा ओशाळून म्हणाला.

"मेंढा?"

"तुझ्यासाठी."

"मग तंबू माझा, मेंढा माझा. मी जिवंत आहे, तेव्हा इथे मी सांगेन ते होईल. मी अकरा वर्षांनी खाली उतरलेय आणि रडण्यासाठी उतरले असं मला म्हणायचं नाहीये. पोरीला आत आणा. मी तिला न्हाऊ-माखू घातलंय. झुमके घाला!"

एशिमबेकनी दाढी कुरवाळली. ते सातारकुलकडे वळले. "मुलीला पाइप कापता येतात का?"

"नाही हो! अजिबात नाही!"

"मग आमची हरकत नाही."

झुमके तंबूत घातले गेले. साइराकान आणि बुरुल गळ्यात गळा घालून हसल्या. जेवताना बुरुलने विहिणीला "ते ढगासारखं काय म्हणालात?" असं तीनदा विचारलं. दोघी म्हाताऱ्यांना मानाच्या जागी शेजारी-शेजारी बसवलं होतं. सातारकुलने घासूनपुसून मांडलेल्या दुप्पट खोलीत मात्र दिवसभर कुणीही पाऊल टाकलं नाही.

चहा झाल्यावर एशिमबेक उठले. "तुकडा कुठाय?"

पाइपाचा तुकडा कचऱ्याच्या डब्याशी नव्हता. शोधाशोध झाली. शेवटी तो मुसाच्या कढईखाली सापडला. चुलतभावांनी चुलीला टेकू म्हणून आडवा घातला होता. लालबुंद झाला होता! सव्वीस वर्षांनी कोक-बेलचा तो पाइप पहिल्यांदा गरम झाला होता, आणि तोही मेंढ्यासाठी.

तो गार व्हायला एक तास गेला. शाळेचं वेल्डिंग मशीन आणलं, कपाट परत खोलीच्या मध्यावर आलं, आणि व्याह्यांनी बाह्या सरसावून तुकडा जिथला तिथे जोडला. सातारकुलने शिडी धरली. एवढंच काम त्याच्याकडे सोपवलं होतं, आणि बुरुलने शिडीचं दुसरं टोक धरलं होतं. जोड इतका पक्का झाला की राइसाआपाने खालून एक टिचकी मारली, तरी वर, मुसाने उचलून नेऊन बसवलेली कालिचाआपा "अगं, हळू!" म्हणून ओरडली.

पण प्रकरण तिथे संपलं नाही. दोघी म्हाताऱ्यांनी ठरवलं, की मधला माणूस भरवशाचा नाही. तेव्हा त्यानेही रोज सकाळी हजेरी द्यायची. सातला वरून तीन, खालून तीन, आणि मग मधून तीन. सुट्टी असो, ताप असो, बर्फ असो! सातारकुल आता रोज पावणेसातला डोळे चोळत उठतो, कपाटाला वळसा घालून जातो आणि चमच्याने पाइप वाजवतो. शाळेत विचारलं तर तो सांगतो, की त्याला पहाटेची आवड लागली आहे.

परवा तो कामावर निघाला, तेव्हा राइसाआपाने तळमजल्याच्या खिडकीतून त्याला हाक मारली.

"सातारकुल! आज तुझा तिसरा ठोका ढिला पडला. कालिचाचंही तेच मत आहे. पोट बिघडलंय का?"

"छे! काहीतरीच!" सातारकुल आजूबाजूला बघत म्हणाला. रस्त्यात त्याच्या वर्गातली निम्मी पोरं उभी होती. मग तो खिडकीजवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ओव्याचं पाणी मिळेल का थोडं?"